पार्क पाहिलेला माणूस

"आंधी गाडीत बसू," आई म्हणाली. "पान्यात मंग. पान्यातून निंघालं का मानूस थंडा पडते, मंग त्या बर्फातल्या गाडीत कोन बसते बाप्पा? काऊन हो, बराबर हाय ना?"

बाबा ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर न करता "हाव" म्हटलं.

"हाव काय? नीट सांगा ना. गाडी गेटापासून जवळ हाय का दूर?"

"जवळच हाय."

"मांगं तं तुमी म्हनत व्हते का लय चालावं लागते."

"चालावं लागते. पर जवळच हाय."

आईनं माझ्याकडे पाहून डोळे मोठे केले. "पाह्य वं मयुरी. दरसाल पार्क पाहून आले अन् आता कामाची येळ आली तं तोंड शिवून बसले तुये बाबा."

मी खाटेच्या पायथ्याशी बसून तिच्या पायांना तेल लावत होते. पाय सुजलेले होते. बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तो लवकर भरून यायचा नाही. बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात मी नर्स आहे, असे पाय रोज पाहते. आईचे पाय चोळताना मात्र मी बोट दाबायचं बंद केलं होतं.

तिच्या पोटातली गाठ पावसाळ्यात सापडली. अकोला झालं, नागपूर झालं. शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि मी त्यांच्यातलीच म्हणून आडवळण न घेता सांगितलं, "सिस्टर, आता घरी ठेवा. त्यांना जे आवडतं ते करा." हे वाक्य मी स्वतः किती घरच्यांना ऐकवलं असेल! ते ऐकल्यावर माणसं वेड्यासारखी का पाहतात ते मला त्या दिवशी कळलं.

आईला मी काही सांगितलं नाही. रजा टाकून धामणगावला, घरी आले आणि दोन-चार दिवसांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, तुले कुठी जावंसं वाटते का?" मला वाटलं, बुद्धगया म्हणेल. नांदुऱ्याहून कोणती गाडी धरायची हेसुद्धा मी मनात ठरवून ठेवलं होतं.

"दीक्षाभूमी झाली," आई म्हणाली. "अजिंठा झाला. मले ते पार्क पाहाचं हाय. तुया बाबानं पाह्यलं ते."

तर आता हे पार्कचं प्रकरण आधी सांगते.

आमचे बाबा, कचरू त्यांचं नाव, जवळच्याच एका गावच्या शाळेत शिपाई होते. मागच्या वर्षी निवृत्त झाले. बाबा बोलत नाहीत. मुके नाहीत, पण आई म्हणते तसं, शब्द काही घरच्या वावरात पिकत नाहीत, उगाच कशाला खर्च करा, असा त्यांचा हिशेब. वर्षभराचं सगळं बोलणं ते एका दिवशी बोलत. शाळेची सहल जाऊन आली, की त्याच्या दुसऱ्या दिवशी.

सहल ठरलेली असायची. एसटीची गाडी, अजिंठा, वेरूळ, दौलताबाद आणि शेवटी औरंगाबादच्या पलीकडचं ते पार्क. गावाला आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात, पण आईच्या तोंडी औरंगाबादच. सहलीच्या दुसऱ्या दिवशी आई मजुरीला जात नसे. सकाळचा स्वयंपाक उरकून ती ओसरीवर बसे, मी आणि माझा धाकटा भाऊ संघपाल तिच्या दोन बाजूंना, आणि बाबा सांगायला लागत. बर्फातून जाणारी गाडी. बोगद्यातून बाहेर आलं की पांढरं अस्वल उभं राहून सलाम ठोकतं. तलावात समुद्रासारख्या लाटा. भुताचं घर, त्यातलं एक भूत येणाऱ्याला चहा घेता का विचारतं. तिथं आई इतकी हसायची की तिला ठसका लागायचा. बाबा थांबायचे, तिला पाणी द्यायचे आणि पुन्हा भुतापासून सुरू करायचे.

दरवर्षी पार्कात काहीतरी नवीन निघायचं. आई ते सगळं पाठ करून निंदणीला आलेल्या बायकांना सांगायची. शेजारच्या मनकर्णाबाई अजून विचारतात, "जनका, त्या भुताच्या चहात साकर राह्यते का वं?" आणि आई ठसक्यात म्हणते, "आमच्या घरात पार्क पाह्यलेला मानूस हाय. इचारा त्याइलेच."

आता इतक्या वर्षांनी ती स्वतः जाणार होती. संघपाल पुण्याकडे कंपनीत कामाला आहे, त्याची बायको वंदनाही तिथंच असते. त्याला मी फोन केला, तर तो एकदम म्हणाला, "ताई, सव्वीस जानेवारीले जोडून सुट्टी घेतो. मी अन् वंदना येतो. तिकिटं मीच काढतो मोबाइलवर." आपल्या आईसाठी काहीतरी करायला मिळालं म्हणून तो बिचारा खूश झाला होता.

सगळं जुळत होतं. फक्त बाबा दिवसेंदिवस आणखी गप्प होत चालले होते. मला वाटलं, आईच्या आजारानं. मी तरी दुसरं काय समजणार?

एका दुपारी आईची औषधं आणायला मी त्यांना स्कूटीवर मागे बसवून मेडिकलवर नेलं. परत येताना नाल्याच्या पुलाजवळ त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं.

"थांबव वं जराशी."

मी गाडी उभी केली. ते उतरले, पुलाच्या कठड्याला टेकले, टोपी काढली, पुन्हा घातली.

"मयुरी, मी आत गेलो नाई."

"कुठी आत?"

"पार्कात. कधीच नाई गेलो."

मी आधी हसलेच. मला वाटलं, म्हातारपणी गंमत करायला शिकले. मग त्यांचं तोंड पाहिलं.

"असं कसं? दरसाल तं जात व्हते तुमी."

"गेटालोक जात व्हतो."

मग त्यांनी सांगितलं, ते असं. सहलीत सामान फार असायचं. पोरांच्या पिशव्या, पांघरुणं आणि स्वयंपाकाची भांडीसुद्धा, कारण रस्त्यात खिचडी शिजवायची असे. पार्कच्या गेटावर पोरांना उतरवलं की ड्रायव्हर गाडी घेऊन डिझेल भरायला जाई, तिथूनच कुठंतरी झोप काढी. मग सगळं सामान गेटाबाहेरच्या लिंबाखाली उतरायचं. आणि हेडमास्तर म्हणायचे, "कचरूभाऊ, जरा सामानापाशी थांबता का?"

"जरा!" मी म्हणाले.

"हाव. जरा."

"अन् बाकीचे सर? चार-चार सर जात व्हते सोबत! येका सालाले तरी कोनी म्हनलं असतं का कचरूभाऊ, जा तुमी, मी बसतो!"

"कोनी जाऊ नोको असं म्हनलं नाई, मयुरी. जाय असंबी कोनी म्हनलं नाई. अन् सामान कोन पाह्यलं असतं?"

"खड्ड्यात जाऊ द्या ते सामान!" मी पुलावर उभी राहून ओरडले. एक सायकलवाला वळून पाहत गेला. मला इतका संताप आला होता की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. माझा बाप दरवर्षी झाडाखाली गंज-भांड्यांची राखण करत बसला होता, आणि आम्ही पोरं वर्गात छाती काढून सांगत होतो की आमच्या बाबांनी सगळं पाहिलंय.

"मंग घरी सांगत व्हते ते?"

"परतीच्या रस्त्यानं पोरं बोलत ना गाडीत. त्याइचं ऐकत ऐकत यायचो. पहिल्या साली घरी आलो तं तुये मायनं इचारलं, काय काय पाह्यलं? म्या म्हनलं, पोरायनं सांगतलं ते सांगून टाकाव. तं ते हासली. लय हासली वं." बाबा नाल्याकडे पाहत होते. नाल्यात पाणी नव्हतं. "मंग दरसाल तेच."

मी ओढणीनं डोळे पुसले.

"खोटं बोल्लो त्याचं काई नाई," ते म्हणाले. "ते शिव्या देईन, मी आयकून घेईन. पर मले भाइर बसवत व्हते, हे तिले समजू नोको देऊ. तिले लय लागंल. आता या वक्ताले नोको."

आमच्या आईचा आख्ख्या गावात एकच तोरा होता, तो म्हणजे हा माणूस. तो माणूस माझ्याकडे फक्त इतकंच मागत होता.

मी म्हणाले, "नाई सांगत तिले. बसा गाडीवर."

त्या दिवसापासून आमची शाळा सुरू झाली. आई दुपारी औषधानं झोपली की मी बाबांना मागच्या अंगणात न्यायची आणि मोबाइलवर पार्कचे व्हिडिओ दाखवायची. लोकांनी काय काय टाकलेलं असतं! गेटातून आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत सगळं. बाबा चष्मा पुसून पाहायचे आणि मी प्रश्न विचारायची.

"गेटातून शिरलो. डाव्या हाताले काय?"

"कपडे बदलाच्या खोल्या."

"उजव्या हाताले?"

"खानावळ... नाई नाई, लाटाचा तलाव."

"शाबास. अन् गाडी?"

गाडी होती. पण ती एका बागेतून गोल फिरून येत होती, लहान मुलांची. ना बर्फ, ना बोगदा. बाबांनी तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा पाहिला.

"अस्वल कुठी हाय?"

"अस्वल नाई, बाबा."

"नीट पाह्य. असंन कोठी. रुख्मिणी खोटं नाई बोलाची."

रुख्मिणी ही आठवीतली एक पोरगी. अस्वल तिनं आणलं होतं. ती आता नांदुऱ्याला दिली आहे. तिचा नंबर मी शोधून काढला आणि फोन केला. सगळं ऐकून ती पोट धरून हसली. "ताई, मी कायची गाडीत बसते! एसटीत बसूनच मले उलट्या झाल्त्या. मी आतल्या बाकावर झोपून व्हती अख्खा दिवस. बाकीचे पोरी फुशारक्या मारत व्हत्या म्हनून म्याबी येक अस्वल सोडून देलं."

फोन स्पीकरवर होता. बाबा शेजारीच बसले होते. म्हणजे अस्वल सांगणारी आत गेली होती, पण तिनंही काही पाहिलं नव्हतं. मला हसू येत होतं आणि बाबांकडे पाहून येतही नव्हतं.

"आता कसं करतं?" ते म्हणाले.

"सांगू का अस्वल बंद पडलं. दुरुस्तीले नेलं."

"अन् बर्फ?"

"उन्हाळ्यात इतळला."

"जानेवारीत?" बाबा म्हणाले, आणि पहिल्यांदा आम्ही दोघं हसलो.

आईचं नियोजन तिकडे आपल्या जागी जोरात चाललं होतं. कळण्याच्या भाकरी, ठेचा, सोबत कांदा. मी म्हटलं, बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. ती म्हणाली, "तं मी लुगड्यात लपवून नेईन. बिमार बाईले कोन तपासते?" संघपाल रोज फोन करून नवीन काहीतरी सांगायचा. गेटावर चाकाची खुर्ची मिळते. सावलीत बसायची जागा आहे. शेजारच्या ज्ञानेश्वरच्या गाडीतली मधली सीट पाडली की आईला झोपून जाता येतं. आई फोनमध्ये तोंड घालून ओरडायची, "झोपून काऊन जाऊ? मले घाट पाहाचा हाय!"

एक दिवस मी तिचे केस विंचरत होते. केस राहिले नव्हते फारसे. तिच्या हातात आरसा होता, पण ती बाहेर दोरीवर कपडे टाकणाऱ्या बाबांकडे पाहत होती.

"आई, येक इचारू? तुले खरंच पाळन्यात-गिळन्यात बसाचं हाय का या वयात?"

"मले कायचं बसाचं हाय वं?" ती म्हणाली. "तुये बाबा तिथून आले का बोलत. हासत. बाकी सालभर हा मानूस शाळेतून आला का फक्त जेवला अन् झोपला. मी म्हनत व्हती, असं काय हाय तिथीसा, का ह्या मानसाले बोलतं करते? ते जागा पाहाची हाय मले येकडाव."

मी विंचरत राहिले. मला त्यावेळी खरं सांगून टाकावंसं वाटलं. पण मी बाबांना शब्द दिला होता.

पुढच्या दिवसांत तिचं खाणं कमी होत गेलं. आधी भाकरी सुटली, मग वरणाचं पाणी. मला कळत होतं. नर्सला हे कळू नये अशी काही सोय नसते. मी संघपालला म्हटलं, "जमलं तं लवकर ये." तो म्हणाला, "ताई, साहेबाच्या हातापाया पडून ही सुट्टी घेतली." साहेबांना काय सांगायचं? आमची आई पार्क पाहायला जाणार आहे म्हणून?

शेवटी तो आणि वंदना आले. सव्वीस जानेवारीला शाळेतले भोंगे दिवसभर वाजत होते. दुसऱ्या दिवशी पहाटेच वंदनानं आईला अंघोळ घातली, तिची जांभळी साडी नेसवली. आई म्हणाली, "पावडर लाव वं. फोटोत काळी दिसीन मी." वंदनानं पावडर लावली. ज्ञानेश्वरनं गाडी दारात लावून मधली सीट पाडली, तिच्यावर गादी टाकली. मनकर्णाबाई निरोप द्यायला आल्या होत्या आणि भुताला माझा नमस्कार सांगजो म्हणत होत्या.

बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. ते अंगणात फिरत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. मला माहीत होतं ते काय घोकत होते. डाव्या हाताला कपडे बदलायच्या खोल्या.

"चल आई," मी म्हणाले आणि तिच्या पाठीखाली हात घातला.

ती अर्धी उठली. तिनं माझा दंड पकडला, पाय खाली सोडले, दाराकडे पाहिलं. गाडी तिथून दिसत होती. मग तिच्या हातातली पकड सुटली. मी तिला अलगद मागे टेकवलं. नाडी पाहिली. श्वास पाहिला. एक आला, मग बऱ्याच वेळानं दुसरा.

"नाई होत हो," आई बाबांना म्हणाली. तिला वाईट वाटल्यासारखं ती म्हणाली, जसं काही तिनंच आमची सहल मोडली असावी.

संघपाल एकदम पुढं झाला. "ताई, दवाखान्यात नेऊ! गाडी उभीच हाय. बुलडान्याले नेऊ, नाई तं अकोल्याले."

"नाई," मी म्हणाले.

"नाई काय? तू नर्स असून—"

"मी नर्स हाय म्हनूनच नाई म्हनून राह्यली, संघपाल. रस्त्यात जाईन ते. कोन्या गावच्या फाट्यावर. तसं पायजे का तुले?"

तो भिंतीकडे तोंड करून रडायला लागला, मोठ्यानं, लहानपणी रडायचा तसा. वंदनानं त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं. बाहेर ज्ञानेश्वरनं गाडी बंद केली.

बाबा दारातच उभे होते. आत यावं की नाही, हे कोणी सांगायची वाट पाहत असल्यासारखे. मला त्या क्षणी त्या माणसाची इतकी दया आली की काय सांगू. मी म्हटलं, "बाबा, या ना. इथी बसा, तिच्याजवळ."

ते आले. खाटेच्या काठावर बसले.

"जाऊ द्या," आई म्हणाली. आवाज बारीक झाला होता, पण शब्द कळत होते. "तुमी सांगा. मी आयकते."

"काय सांगू?"

"पार्क."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी घसा खाकरला आणि सुरू केलं. "गेटातून आत गेलं का डाव्या हाताले कपडे बदलाच्या खोल्या. उजव्या हाताले लाटाचा तलाव. त्याच्या बाजूले खानावळ..."

किती बरोबर सांगत होते! एकही चूक नव्हती. मागच्या अंगणातले सगळे धडे त्यांनी पाठ केले होते.

आईच्या कपाळाला आठी पडली. "नाई," ती म्हणाली. "हे कोनतं? हे नाई." श्वास घेतला. "तुमी गेलेले मानसं अन् तुमीच इसरले? आंधी गाडी. बर्फातली."

बाबा थांबले.

"गाडी," आई पुन्हा म्हणाली.

"हाव," बाबा म्हणाले. "इसरलोच मी. गाडी हाय ना. बर्फातली."

आमच्याकडे कोणी काही लांबलचक सांगायला लागलं की ऐकणाऱ्यानं 'हूं' द्यायचा असतो. हूं आला की सांगणारा पुढं जातो. नाही आला तर समजायचं, ऐकणारा झोपला, आणि थांबायचं. आईनं हूं दिला.

"तिकीट काढलं," बाबा म्हणाले. "दोन."

"हूं."

"तुले खिडकीपाशी बसवलं. मी बाजूले बसलो."

हे पूर्वी कधी नव्हतं. आमच्या लहानपणी पोरं बसायची, पोरं ओरडायची. बाबा गाडीत कधीच नसायचे. आईनं डोळे उघडले, त्यांच्याकडे पाहिलं आणि मिटले. तोंडावर हसू होतं. पावडर लावलेल्या गालाला सुरकुती पडली, ती मी पाहिली.

"गाडी सुटली. थंडी वाजे म्हनून मी तुया अंगावर चादर टाकली. तू म्हने, मले नोको, तुमीच घ्या. मंग दोघायनं घेतली."

"हूं."

"भाइर पाह्यतं तं सगळं पांढरं. कापसाचं वावर फुटल्यावानी. तू म्हने, एवढा कापूस कोन येचीन वं माय? म्या म्हनलं, कोनी नाई येचत. इथी कोनालेच काम नाई. इथी फक्त बसून राहाचं."

या वेळी हूं आला, पण तो श्वासच होता की हूं, ते मलाही सांगता आलं नसतं. मनकर्णाबाईंनी पदर तोंडाला लावला होता.

"मंग तलावावर गेलो. लाट आली तं तू माया हात धरला. तिथी लय लोक व्हते. साहेब लोक, मास्तर लोक. कोनी काई म्हनलं नाई. आपुन दोघं मधात पान्यात उभे."

बाबा थांबले.

त्यांनी वाट पाहिली. आईचे ओठ थोडे उघडे होते, पण हूं आला नाही. त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या नजरेत विचारणं होतं, आणि मला त्यांना उत्तर द्यायचं नव्हतं. मी आईचं मनगट धरून होते. नाडी होती अजून, बारीक, मध्येच हरवणारी.

"झोपली का?" बाबा म्हणाले.

"नाई. आयकू येते तिले. शेवटलोक आयकू येते, बाबा. तुमी सांगत राहा."

"पर ते हूं नाई देत."

दवाखान्यात मी कितीतरी जणांना शेवटचं पाणी पाजलं आहे, डोळे मिटवले आहेत. ती सगळी दुसऱ्यांची माणसं होती. बाबा गप्प बसले होते, आणि ते असेच गप्प राहिले तर आई त्या शांततेतच जाईल, याची मला भीती वाटली.

मी तिचा हात त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "हूं."

बाबांनी डोळे पुसले. मग ते पुढं सांगू लागले.